भिंतीकडे तोंड करून

मारायला शिवलीलाचा हात सैल आहे, हे सोलापूरच्या नव्या पेठेत कुणालाही विचारा. जिन्याखालच्या एवढ्याशा जागेत तिचं फॉल-पिकोचं दुकान. एक मशीन, एक स्टूल, भिंतीला रिळांचं फडताळ. पण त्या दुकानासमोर उभं राहून उगाच खी-खी करायची कुणाची छाती नाही. गर्दीत बायकांना धक्के मारत फिरणाऱ्या एका टग्याची तिनं एकदा कॉलर धरली आणि असा बडवला, की त्याचा मोबाईल गटारात आणि मोबाईलच्या मागं तो. समोरच्या कापडदुकानाचे मडिवाळप्पा तिला म्हणतात, "शिवक्का, तुमी बोलायच्या आदी मारता की हो." ती म्हणते, "तुमी बोलत बसा. गिऱ्हाईक न्हाई तुमाला."

नवरा भीमाशंकर. लग्नाच्या आठव्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यानं हात उचलला. हिनं परात उचलली. कपाळाला पाच टाके पडले. तेव्हापासून तो मीठ जास्त झालं की पाणी जास्त पितो. एकदा सोडून जाईन म्हणाला होता. हिनं त्याची पिशवी भरून दारात ठेवली. गेला नाही. बरा माणूस आहे तसा.

हा हात तिला कुठून आला, ते सांगतो. आणि हात न उचलता हिनं जन्मात एकदाच एक भलं केलं होतं, त्याचं काय झालं तेही सांगतो.

मंद्रूपच्या अलीकडं माळावर तेव्हा मूकबधिर मुलांची एक निवासी शाळा होती. नाव विचारू नका, आता ती नाही. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एक स्वयंपाकघर, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. बाप मेल्यावर शिवलीलाची आई अक्कम्मा तिथं स्वयंपाकाला लागली आणि सात वर्षांची शिवलीला तिच्याबरोबर तिथंच राहायला आली. चाळीस पोरांत कान असलेली ही एकटीच.

लोकांना वाटतं, बहिऱ्यांची शाळा म्हणजे कशी शांत असेल! डोंबलाची शांत! ताटं आपटतात, दारं आदळतात, पाय दणादण आपटून एकमेकांना हाका मारतात. आवाजाचं त्यांना काय? आणि भांडणं तर बघायचीच सोय नाही. तोंडानं भांडणाऱ्या माणसाची निम्मी वाफ शिव्यांत जाते. ह्या पोरांची सगळी वाफ हातात. पाण्याच्या टाकीमागं रोज एकाचं तरी नाक फुटायचं.

दुसऱ्याच दिवशी शिवलीलाची पाळी आली. रुपाली नावाची बारा वर्षांची दांडगट पोरगी तिच्या छातीवर बसली, दोघींनी पाय धरले, आणि अक्कम्माच्याच परातीतली कणीक चोरून आणून रुपालीनं ती शिवलीलाच्या दोन्ही कानांत अंगठ्यानं ठासली. मग उठली, हात झाडले आणि खुणेनं सांगितलं, आता तू आमची. अक्कम्मानं केसातल्या आकड्यानं कणीक काढताना कानातून रक्त आलं. "कुणी केलं ग?" म्हणून तिनं दहा वेळा विचारलं. शिवलीलानं सांगितलं नाही. मार अक्कम्माचाही खाल्ला, पण सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती पोरांतली झाली. सहा महिन्यांत तिचे हात तोंडापेक्षा जास्त बोलायला लागले.

विहिरीवर अंघोळीला पोरं रांगेनं जायची. वाटेत गावातली पोरं दबा धरून बसायची आणि पाठीमागून दगड मारायची. मागूनच, कारण बहिऱ्याला दगड येताना कळत नाही, आणि तो दचकला की ह्यांना हसायला येतं. म्हणून शिवलीला सगळ्यांच्या मागं चालायची. दगडाचा आवाज आला की पुढच्याला ढकलायची, आणि मग वळून धावायची. एकाच्या कानाला तिनं असा चावा घेतला, की लचकाच तोंडात आला. त्या पोराची आई तणतणत भांडायला आली, तर अक्कम्मानं तापलेलं उलथनं हातात घेऊन कन्नडमध्ये तिला जे काय सांगितलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गुंडा नावाचा पोरगा आला तेव्हा आठ वर्षांचा होता. सांगोल्याकडच्या मेंढपाळांचा. आई बनाबाई त्याला सोडायला आली होती. तिसऱ्या वर्षी तापात त्याचे कान गेले. आल्या आल्या त्यानं शिवलीलाच्या पोटात डोकं घातलं, एडक्यासारखं. तिनं त्याचे केस उपटले. दोघंही धापा टाकत बसले, आणि मग त्यानं खिशातली भाजलेल्या हरभऱ्याची मूठ तिच्यापुढं धरली. इतकी साधी गोष्ट. पुढं विहिरीच्या वाटेवर ते दोघं मिळून मागं चालायचे. ती कान आणि तो गोफण. त्याचा नेम कधी चुकला नाही.

आता हिंदुराव सर. हा अधीक्षक. पांढरा शुभ्र शर्ट, कपाळाला अष्टगंध, सणाला पोरांना स्वतःच्या हातानं जिलेबी वाढणार. राक्षस म्हणावा तर तसा दिसत नव्हता, आणि तीच तर गोम आहे. त्याच्या डोक्यात एकच खूळ: हातवारे माकडं करतात, माणूस तोंडानं बोलतो. म्हणून त्याच्या तासाला सगळ्यांचे हात पाठीमागं सुतळीनं बांधायचे. मग समोर मेणबत्ती लावायची. "प" म्हटलं आणि ज्योत हलली तर ठीक. नाही हलली तर हात सोडायचे, पुढं घ्यायचे आणि बोटांवर लाकडी रूळ. चाळीस पोरांची बोटं बारा महिने सुजलेली असायची, आणि त्याच सुजलेल्या बोटांनी ती रात्री अंथरुणात एकमेकांशी बोलायची.

पुढं वाक्यांची पाळी आली. तपासणीला साहेब येणार होते, त्यांच्यापुढं प्रत्येक पोरानं एक वाक्य म्हणून दाखवायचं. गुंडाच्या वाट्याला आलं होतं, "मी चांगला मुलगा आहे." पण बरोबर आलं की नाही हे ठरवायचं कुणी? हिंदुरावांनी स्वयंपाकघरातून शिवलीलाला बोलावलं. "रोज ऐकून ऐकून माझे कान विटले," म्हणाले. "तू भिंतीकडे तोंड करून उभी राहा. त्यांचे ओठ बघायचे नाहीत. जे ऐकू येईल ते मोठ्यानं म्हण."

नऊ वर्षांच्या पोरीला काय कळणार? तिला वाटलं, सरांनी आपल्याला मान दिला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि मागून गुंडाचा आवाज आला. तो आवाज कसा होता ते सांगायला माझ्याकडं शब्द नाही. नाकातून, घशातून, पोटातून एकदमच निघणारा, वरखाली होणारा. त्यात म नव्हता, च नव्हता, काहीच नव्हतं. शिवलीला खरं बोलली. "काय कळलं न्हाई, सर."

रूळ बसला. पुन्हा गुंडा ओरडला. पुन्हा ती म्हणाली, कळलं नाही. पुन्हा रूळ. तिनं मागं वळून बघायचं नव्हतं. चौथ्या की पाचव्या वेळेला रुळाचा आवाज वेगळा आला, सुकी काटकी मोडल्यासारखा, आणि ती वळली. गुंडाच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मागं वाकली होती. तो रडत नव्हता. तो तिच्याकडं बघत होता. त्याला कळत नव्हतं, की तोंड भिंतीकडे करून ही काय बोलते आणि ती बोलली की आपल्याला मार का बसतो.

बोटांना नीट पट्टी कुणी बांधली नाही. ती वाकडीच जुळली. पंधरवड्यानं पुन्हा तास. पुन्हा भिंत. मागून पुन्हा तोच आवाज, तसाच्या तसा, एका अक्षराचा फरक नाही. आणि शिवलीला भिंतीला खणखणीत आवाजात म्हणाली, "मी चांगला मुलगा आहे!"

हिंदुरावांना कळलं नसेल? कसं कळणार नाही, कान होते की त्यांना! पण वहीत लिहायला साक्षीदार मिळाला होता. त्यांनी रूळ खाली ठेवला, "वाचा सुधारली" असं लिहिलं, आणि गुंडाची पाठ थोपटली. गुंडानं रुळाकडं बघितलं, शिवलीलाकडं बघितलं, आणि उडीच मारली. त्याला बोलता आलं होतं!

त्या दिवसापासून शिवलीला प्रत्येकासाठी खोटं बोलली. रूळ बंद झाला. संमेलनाला गुंडा माईकपुढं उभा राहून ते वाक्य ओरडला आणि मंडपातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्या मुक्या पोराला टाळ्या वाजवायच्या नाहीत तर काय करायचं! गुंडानं त्या टाळ्या डोळ्यांनी बघितल्या आणि गाठीला बांधल्या.

ह्याला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. शाळा बंद पडली, अक्कम्मा गेली, रुपाली कर्नाटकात दिली. हिंदुराव जिवंत आहे की मेला, मला विचारू नका. राहिले शिवलीला आणि गुंडा. तो टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर आहे. जिथं दुसऱ्यांचे कान फाटतात तिथं हा आरामात उभा. सुट्टीच्या दिवशी तो नव्या पेठेत येतो, तिच्या दुकानापुढच्या पायरीवर बसतो आणि दोघं तासभर हातांनी बोलतात. तेवढा तासभर तिला कुणालाही मारावंसं वाटत नाही. भावंड नाही, लेकरू नाही. जवळचं म्हणावं असं तिचं एवढंच एक माणूस.

आणि त्या माणसाला अजून वाटत होतं, की आपल्याला एक वाक्य बोलता येतं. येता-जाता तो ते वापरत नसे. मौल्यवान वस्तू रोज कोण काढतं? पण त्याचा त्याला केवढा अभिमान! कधीमधी हातानं म्हणायचा, कारखान्यात दुसरेही बहिरे आहेत, पण बोलता येणारा मी एकटाच. शिवलीला मान हलवायची. सांगायचं कसं? ते खोटं उघडं पडलं, तर तिनं भिंतीपाशी उभं राहून केलेलं सगळंच उघडं पडणार. मोडलेल्या बोटांसकट. हे कळल्यावर गुंडा पुन्हा त्या पायरीवर येईल का, ह्या एका भीतीनं ती बत्तीस वर्षं गप्प होती.

ह्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नवी पेठ नुसती फुलली होती. पाय ठेवायला जागा नाही. त्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत होता: पोरं पळवणारी टोळी गावात आली आहे, वेड्याचं, मुक्याचं सोंग घेतात, सावध राहा. कुठला कोण लिहितो देव जाणे! पण माणसं अशी सावध झाली होती, की आपल्याच भाच्याला कडेवर घेऊन जाणाऱ्या मामाला चौकात अडवत होती.

गुंडा त्या दिवशी शिवलीलाकडंच येत होता. वाटेत गर्दीत चार वर्षांची एक पोरगी रडताना त्याला दिसली. आई हरवलेली. त्यानं तिला उचलून खांद्यावर बसवलं, म्हणजे लांबून आईला दिसेल. शहाणा विचार. पण अनोळखी खांद्यावर पोरगी जास्तच भोकांड पसरून रडायला लागली, आणि ते ह्याला ऐकू येत नव्हतं.

"ओ, कुणाची हाय पोरगी?" मागून कुणी विचारलं. हा चालतच राहिला. "ए, तुला विचारतोय!" हा चालतच. मग कुणीतरी खांदा धरून गर्रकन फिरवला, दुसऱ्यानं पोरगी हिसकावली, आणि बघता बघता दहाजणांचा घोळका झाला.

आता नीट ऐका. सोलापुरातला कुठलाही बहिरा अशा वेळी काय करतो? कानाला बोट लावतो, हात हलवतो. ऐकू येत नाही. बस. लोक च्‌ च्‌ करतात आणि बाजूला होतात. जन्मभर तेच करून ती माणसं वाचतात. गुंडाही तेच करता, तर वाचता. पण गुंडाला बोलता येत होतं ना! दहा माणसं रागानं बघताहेत, तोंडं हलताहेत, म्हणजे विचारताहेत तू कोण. मग त्यानं जपून ठेवलेलं वाक्य काढलं. छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या ताकदीनं ते म्हटलं.

चाळिशीच्या दांडग्या, मिशावाल्या बाप्यानं तो आवाज काढला. पुढची माणसं भ्यालीच. आणि भ्यालेल्या गर्दीइतकं वाईट जनावर दुसरं नाही. पहिली चप्पल बसली. त्यानं पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यानं. मग एकानं सायकलची साखळी काढली.

शिवलीला मशीनवर होती. पेठेचा एवढा कालवा, पण त्या कालव्यातून तो आवाज तिच्या कानात शिरला. अख्ख्या सोलापुरात ते वाक्य कळणारी ती एकटीच होती. ती उठली ती धावतच सुटली. हातात कात्री होती ती तशीच हातात.

ती पोचली तेव्हा गुंडा खाली पडला होता. एकजण छातीवर बसला होता, दुसरा डाव्या हातावर बुटानं उभा होता, बाकीचे जागा मिळेल तिथं लाथा घालत होते. काहीजण मोबाईलवर शूटिंग घेत होते. त्यांना वेगळा नरक असायला पाहिजे. "बहिरा हाय!" शिवलीला ओरडली. "मुका हाय ओ तो! माज्या दुकानात येतो, सोडा त्याला!"

"मुका कसला!" छातीवर बसलेला म्हणाला. "आत्ता बोंबलत व्हता की! सोंग हाय सोंग!"

शिवलीलानं कात्री त्याच्या दंडात घातली.

पुढचं तिला नीट आठवत नाही. कुणाच्या तरी नाकावर तिचं कोपर बसलं. तिच्या डोक्यात काहीतरी बसलं आणि डोळ्यांवरून रक्त आलं. ती गुंडावर आडवी पडली, आणि खाली पडलेल्या गुंडाला कळलं नाही कोण आहे. त्यानं उजव्या हातानं तिच्याच जबड्यावर ठोसा मारला. तिचा दात पडला. रक्ताच्या पडद्यातून मडिवाळप्पा दिसले, दुकानाच्या फळीवर उभे. ती त्यांना हाका मारत होती. "मडिवाळप्पा, सांगा की ह्यांना! ओळखता की तुमी ह्याला!" ते जागचे हलले नाहीत. नंतर म्हणाले, मला वाटलं, दुसराच कोण असंल.

शेवटी त्या पोरीची आई रडत आली. पोरगी तिला बिलगली आणि म्हणाली, काकानं उचललं, तू दिसावी म्हणून. चार वर्षांच्या पोरीला कळलं. गर्दी पाणी ओसरावं तशी ओसरली. प्रत्येकाला एकदम घरचं काम आठवलं.

सरकारी दवाखान्यात नेल्यावर कळलं, गुंडाच्या तीन बरगड्या, डाव्या हाताची हाडं आणि गालाचं हाड, एवढं मोडलं होतं. एक डोळा पूर्ण मिटला होता. कात्री लागलेला माणूस त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन घेत होता आणि शिवलीलावर केस करणार म्हणून ओरडत होता. ती म्हणाली, कर जा.

संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. गुंडाचा उजवा हात शाबूत होता. तो तेवढ्यानं सांगत गेला, ती तोंडानं सांगत गेली, हवालदार लिहीत गेले. पोरगी कुठं दिसली, कशी उचलली, कुणी पहिलं मारलं. लिहून झालं, सही झाली, हवालदार गेले.

मग गुंडानं तिला विचारलं. "मी त्यांना सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. मग का मारलं?"

शिवलीलानं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

त्याच्या एका उघड्या डोळ्यात उत्तर शोधायची खटपट दिसत होती. त्यानंच तिला वाट काढून दिली. "गर्दी होती. आवाज खूप होता का? म्हणून ऐकू गेलं नसेल?"

केवढी सोपी पळवाट! नुसती मान हलवायची होती. ती हलवणारच होती. पण तेवढ्यात तो वाकड्या बोटांनी पुढं म्हणाला, "पुढच्या वेळी अजून मोठ्यानं बोलेन."

पुढच्या वेळी! तिनं त्याचा हात धरून खाली ठेवला आणि आपले दोन्ही हात वर केले. "बोलू नकोस," ती म्हणाली. "कधीच नको. ते कुणाला कळत नाही. तेव्हाही कळलं नव्हतं. सर मारत होते म्हणून मी खोटं सांगितलं."

गुंडानं हातानं विचारलं, "टाळ्या?"

"सगळ्यांनाच वाजवल्या."

"बोटं मोडली तेव्हा?"

"तेव्हा खरं बोलले होते. कळलं नाही म्हणाले. मीच."

आता हा आपल्याला मारेल, असं तिला वाटलं. मारावं, अशीच तिची इच्छा होती. मारानं सुटणारी गोष्ट तिला समजत होती. पण त्यानं मारलं नाही. छताकडं बघत त्यानं बोलायला हात उचलला.

"गेल्या वर्षी आई गेली. शेवटी मी तिच्या कानाशी जाऊन तेच म्हणालो होतो. ती हसली होती." मग त्यानं विचारलं, "तिला कळलं होतं का?"

शिवलीलानं उत्तर द्यायला हात उचलला, आणि गुंडानं डोळे मिटले.

तुम्ही-आम्ही कान झाकले तरी थोडं ऐकू येतंच. बहिऱ्यानं डोळे मिटले की त्याला कुणी काही सांगू शकत नाही. तिनं त्याचा खांदा हलवला. गाल थोपटले. पलंगाच्या लोखंडाला लाथ घातली, हादरा बसून तरी बघेल म्हणून. शेवटी दोन बोटांनी त्याची पापणी उघडायला गेली, तेव्हा नर्स धावत आली आणि तिला मागं ओढायला लागली. शिवलीलानं नर्सला ढकललं, आणि पडलेल्या दाताच्या रक्तानं भरलेल्या तोंडानं ती ओरडली, "कळलं होतं रे गुंडा! आईला कळलं होतं!"

वॉर्डातले सगळे पेशंट उठून बसले.

गुंडा तसाच डोळे मिटून पडला होता.